अजिंठा-वेरूळ, दोन दिवस, सगळं घर: चित्रं नीट दिसावीत म्हणून काय करावं?

गेरू

अजिंठ्याहून परतलेल्या मंडळींकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'आत अंधार होता, फारसं काही दिसलं नाही.' तीस लेणी तीन-चार तासांत उरकायची, रणरणत्या उन्हातून थेट आत शिरायचं, दोन मिनिटं भिंतीकडे बघायचं आणि पुढच्या लेण्याकडे पळायचं, असं केल्यावर दुसरं काय होणार? आजी-आजोबा आणि सात-आठ वर्षांची मुलं बरोबर असताना, शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत ही चित्रं खरोखर बघता येतात. फक्त तयारी वेगळी लागते. ती इथे एकत्र करू.

सुरुवात निवडीपासून. चित्रांसाठी चारच लेणी धरा: १, २, १६ आणि १७. शिल्पासाठी २६, आणि सातवाहनकाळातलं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, म्हणून १०. बाकीची वाटेत येतील तशी बाहेरून. हा हिशोब कमी वाटेल, पण १७ क्रमांकाच्या एका भिंतीत जेवढा ऐवज आहे तेवढा पाहायला अख्खी सकाळ अपुरी पडते.

आता डोळ्यांचं. उजेडातून अंधारात आल्यावर पहिल्या पाच-दहा मिनिटांत डोळे बऱ्यापैकी सरावतात, पूर्ण सराव व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात. चित्रांच्या लेण्यांत मात्र एका गटाला साधारण १५ मिनिटं मिळतात आणि एका वेळी ४०च्या आसपासच माणसं सोडतात. म्हणजे डोळे जरा तयार होतायत तोवर बाहेर पडायची वेळ येते. त्यामुळे सराव बाहेरच सुरू करायचा. दोन लेण्यांमधल्या वाटेवर सगळ्यांनी, मुलांनीसुद्धा, गडद गॉगल आणि काठाची टोपी घालायची. रांग सावलीत असेल तर तिथे पायऱ्यांकडे बघत उभं राहायचं, समोरच्या डोंगरावरच्या उन्हाकडे नाही. गॉगल आत गेल्यावर काढायचा. आणि आत असताना मोबाइलचा पडदा उघडायचाच नाही. एकदा उजळला की डोळ्यांनी कमावलेलं सगळं जातं.

आत गेल्यावर दाराकडे पाठ ठेवून बाजूच्या भिंतीने आत-आत सरकायचं. दाराच्या दोन्ही बाजूंची भिंत शेवटी बघायची, कारण तिथे दाराचा उजेड थेट डोळ्यांत येतो. ती बघताना कपाळावर तळहात आडवा धरला की फरक लगेच कळतो.

सह्यवाट

प्रवासाचं मी लिहितो. छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा लेणी साधारण १०० किलोमीटर, जळगावहून साधारण ६०. वेरूळ संभाजीनगरपासून ३० किलोमीटरच्या आसपास. मुंबईकरांनी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने जळगावला उतरावं, शनिवारी अजिंठा करावं, संध्याकाळी संभाजीनगरला मुक्कामाला यावं, रविवारी वेरूळ आणि रात्रीच्या गाडीने परत. येण्या-जाण्यात एकच रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही, हा या आखणीचा मोठा फायदा. पुण्याहून रस्त्याने येणाऱ्यांनी शुक्रवारी संध्याकाळी लवकर निघून संभाजीनगर गाठलं तरी शनिवारी सकाळी पुन्हा १०० किलोमीटर आहेतच. फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा गाव आणि मग घाट. वयस्कर माणसं असतील तर अडीच ते तीन तास धरा.

सगळ्यात चांगला मुक्काम फर्दापूरचा. लेण्यांच्या फाट्यापासून जवळ, त्यामुळे नऊच्या सुमारास दार उघडतं तेव्हाच तुम्ही तिथे असता. पर्यटन महामंडळाचं निवासस्थानही तिथे आहे.

फाट्यावर आपली गाडी ठेवावी लागते. पुढचे चार किलोमीटर बसने. यात दोन गोष्टी चुकतात. एक, लोक पाणी आणि औषधं गाडीतच विसरतात आणि वर गेल्यावर परत येणं म्हणजे तासाचा खेळ. दुसरं, परतीच्या बसला दुपारी चारनंतर मोठी रांग लागते. मुलं थकलेली, आजी उभी. साडेतीनला खाली उतरायला सुरुवात करा.

तिकीट भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. ऑनलाइन काढता येतं. तिथल्या डोंगरात मोबाइलच्या रेंजचा भरवसा धरू नका, म्हणून तिकिटाचं चित्र आधीच फोनमध्ये जतन करून ठेवा.

रानजाई

गुडघेदुखीवाल्या आजीला नेणं शक्य आहे का? सासूबाईंची फार इच्छा आहे, पण पायऱ्या म्हटलं की सगळे मागे सरतात.

सह्यवाट

शक्य आहे. बस थांबते तिथून पहिल्या लेण्यापर्यंत चढ आहे, पायऱ्या आहेत. तिथे डोलीवाले मिळतात: खुर्ची, चार माणसं. दर आधी ठरवा आणि 'वर-खाली दोन्ही, वाट बघण्यासकट' असं स्पष्ट बोलून ठरवा, नाहीतर परतीला पुन्हा घासाघीस होते. वर पोचल्यावर मुख्य वाट डोंगराच्या पोटातून घोड्याच्या नालासारखी वळत जाते आणि बरीचशी सरळ आहे, मात्र मध्ये मध्ये पायऱ्या आहेतच. सासूबाईंना १ आणि २ दाखवून ओसरीत थोडं बसवायचं, मग डोलीने १६-१७. २६ला खूप आग्रह करू नका.

प्रत्येक चित्रलेण्याबाहेर चपला काढाव्या लागतात. वाकून बंद लावायचे बूट वयस्कर माणसांना नकोत, पायात सरकवायची चप्पल हवी. जाड मोजे सगळ्यांसाठी. एप्रिल-मेमध्ये बाहेरचा दगड तापून पायाला चटके बसतात; हिवाळ्यात आतला दगड गार पडतो आणि सांधे धरतात. मोज्याने दोन्हीची सोय होते.

निळी_शाई

गेरू यांनी लेणी निवडली, मी गोष्टी निवडते. माझ्या मते सहलीतलं खरं काम घरी आठवडाभर आधी होतं. भिंतीवरच्या जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी, ज्याला माहीतच नाहीत त्याला मुकुट घातलेली माणसं, हत्ती आणि महाल एवढंच दिसणार. गोष्ट माहीत असली की आठ वर्षांचं मूलसुद्धा भिंतीवर ती शोधत बसतं. रात्री जेवल्यावर आजोबांनी एक गोष्ट सांगायची, असं चार-पाच रात्री केलं की पुरे.

यातल्या कुठल्या गोष्टी घ्यायच्या?

१ नंबरसाठी शिबी राजा आणि महाजनक. कबुतराच्या वजनाइतकं स्वतःचं मांस तोलून देणारा शिबी आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतोच. महाजनकाची गोष्ट डावीकडच्या भिंतीवर पसरलेली आहे: जहाज फुटतं, राजकुमार वाचतो, राज्य मिळतं आणि शेवटी सगळं सोडून निघतो. नर्तकीचा प्रसंग शोधायला सांगा. बासरी, झांजा, मृदंग अशी वाद्यं ओळखणं हा मुलांचा उद्योग. गाभाऱ्यापुढच्या दाराच्या डावीकडे कमळ धरलेला बोधिसत्त्व पद्मपाणी, उजवीकडे बोधिसत्त्व वज्रपाणी. आणि एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं, पण डोकं एकच. हे शिल्प आहे, चित्र नाही. मुलांना सांगू नका कुठे आहे, शोधू द्या.

२ नंबर हे मुलांचं लेणं. मागच्या उजव्या उपगाभाऱ्यात हारिती आणि तिचा नवरा पांचिक बसले आहेत. हारिती दुसऱ्यांची मुलं पळवून खाणारी यक्षिणी. बुद्धाने तिचंच धाकटं मूल लपवून ठेवलं, तेव्हा तिला इतर आयांचं दुःख कळलं आणि ती मुलांची राखणदार झाली. तिच्या आसनाखाली खालच्या पट्टीत मुलांचा वर्ग कोरलाय. छडी घेतलेले गुरुजी, पुढे अभ्यास करणारी मुलं आणि मागे खेळणारी. ही पट्टी खाली आहे, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर; मोठी माणसं वरची मूर्ती बघून निघून जातात. त्याच लेण्यात उजव्या भिंतीवर विधुरपंडिताच्या कथेत झोक्यावरची नागकन्या इरंदती आहे. छतही सोडू नका. छत बघताना मान दुखते, म्हणून एकाने दुसऱ्याच्या पाठीला पाठ टेकवून मान मागे टाकायची.

१६ मध्ये मरणासन्न राजकुमारी म्हणून ओळखलं जाणारं चित्र. बुद्धाचा भाऊ नंद भिक्षू झाल्याचं कळून त्याची बायको सुंदरी कोसळते, तो प्रसंग. तिच्या कलंडलेल्या खांद्याची रेघ आणि आधार देणाऱ्या दासीचा हात, इतकंच बघितलं तरी चालेल.

१७ साठी सर्वांत जास्त वेळ ठेवा. ओसरीत डाव्या हाताला भवचक्राचे, म्हणजे जन्ममरणाच्या चाकाच्या चित्राचे, अवशेष. आत डाव्या भिंतीवर विश्वंतराची मोठी कथा. मागता मागता लोक त्याच्याकडून पांढरा हत्ती, रथ, शेवटी मुलंसुद्धा नेतात. उजव्या भिंतीवर सिंहल नावाचा व्यापारी आणि राक्षसिणींचं बेट. शिवाय सहा सुळ्यांचा छद्दंत हत्ती, स्वतःच्या अंगाचा पूल करणारा माकडांचा राजा, आणि आरशात बघणारी राजकन्या. गाभाऱ्यालगत बुद्धाची पत्नी यशोधरा मुलगा राहुल याला पुढे करून उभी आहे आणि समोर बुद्ध भिक्षापात्र घेऊन. आकाराचा फरक मुलांना विचारा: बुद्ध इतका मोठा आणि ही दोघं इतकी लहान का काढली असतील? उत्तरं ऐकण्यासारखी येतात.

एक महत्त्वाचं. ही चित्रं डावीकडून उजवीकडे चित्रकथेसारखी वाचायला गेलात तर गोंधळ उडेल. प्रसंग बहुधा जागेनुसार मांडलेत. महालात घडलेलं सगळं एका ठिकाणी, रानात घडलेलं दुसऱ्या ठिकाणी, मग गोष्टीतला क्रम पुढे-मागे झाला तरी चालेल. वाचायची किल्ली अशी: आधी एक मुकुट किंवा एक चेहरा पकडा आणि तो भिंतीवर कुठे कुठे पुन्हा येतो ते शोधा. दोन प्रसंगांमध्ये खांब, दार, झाड किंवा विटांसारखे दिसणारे खडक असतात. तिथे प्रसंग बदलला असं समजा.

तिसरी_घंटा

निळी_शाई, फार उपयोगी. फक्त 'आजोबांनी सांगायची' याला जोड: गोष्टीचा शेवट सांगू नये. विश्वंतराने मुलं दिली इथे थांबायचं. पुढचं भिंतीवर.

गेरू

विश्वंतराच्या बाबतीत मी असहमत. पाच-सहा वर्षांच्या मुलाला बापाने मुलं देऊन टाकली एवढंच सांगून झोपायला पाठवू नका. ती मुलं आजोबांकडे परत येतात हे त्याच रात्री सांगावं. माकडांच्या राजाचं, म्हणजे महाकपीचं, अर्धवट ठेवलं तर हरकत नाही.

तिसरी_घंटा

मान्य. लहान मुलांसाठी तुमचंच बरोबर.

आडवाट_२

दुर्बिणीबद्दल कुणी बोललं नाही. छताजवळचे चेहरे, अप्सरांच्या गळ्यातले हलणारे अलंकार, हे उघड्या डोळ्यांनी कळत नाही. पण दुर्बीण चुकीची नेली तर उघड्या डोळ्यांपेक्षा कमी दिसतं, म्हणून हे गणित समजून घ्या. दुर्बिणीवर ८×४२, १०×२५ असे आकडे असतात. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात येणाऱ्या उजेडाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. ८×४२ मध्ये तो सव्वापाच मिलिमीटर, १०×२५ मध्ये अडीच. अंधारात आपली बाहुली पाच-सहा मिलिमीटर उघडते, म्हणजे खिशात मावणारी १०×२५ निम्म्याहून अधिक बाहुली रिकामी ठेवते आणि चित्र काळं दिसतं. ८×४२ किंवा ७×३५ घ्या. दुसरी अट: जवळचं स्पष्ट दिसलं पाहिजे. पक्षी बघायच्या काही दुर्बिणी चार-पाच मीटरच्या आतलं धूसर दाखवतात; लेण्यात भिंत दोन-तीन मीटरवर असते. विकत किंवा उसनी घेताना खोलीच्या दुसऱ्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचून बघा.

मुलांना गळ्यात पट्टा घालूनच द्या. दगडी जमिनीवर पडली की आतले भाग हलतात आणि दोन-दोन दिसायला लागतं.

काजळरेघ

विजेरीवरून वाद होतोच, म्हणून स्पष्ट लिहिते. चित्रांवर झोत मारू नये. आत मंद दिवे मुद्दाम मंद ठेवलेत. उजेड आणि उष्णता दोन्ही रंगाला मारक. फ्लॅशला बंदी आहेच. शिल्पाची गोष्ट वेगळी. १ नंबरच्या गाभाऱ्यातल्या बुद्धावर डावीकडून, समोरून आणि उजवीकडून उजेड टाकला की चेहऱ्यावरचा भाव बदललेला दिसतो, हे तिथले माहितगार वर्षानुवर्षं दाखवत आलेत. पहारेकऱ्याला विचारा, तो दाखवू देईल तरच. मूर्तीचा उठाव आडव्या उजेडात दिसतो, समोरून टाकलेल्या उजेडात सगळं सपाट होतं. २६ नंबरमधल्या महापरिनिर्वाणाच्या, म्हणजे अंतिम क्षणी आडव्या झालेल्या बुद्धाच्या, साधारण सात मीटर लांबीच्या मूर्तीलाही हेच लागू. दाराकडून येणारा आडवा उजेड तिथे पुरतो. पायथ्याशी रडणारे शिष्य बघायला खाली बसा.

मुलांना भिंतीपासून हातभर लांब ठेवा. खाली खोडलेल्या जागा दिसतात त्यातल्या कितीतरी माणसांच्या हातांनी, पाठींनी घासून गेल्या आहेत. पाठीवरची सॅक छातीवर घ्यायची; गर्दीत वळताना सॅकचा कोपरा भिंतीला लागतो हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

रानजाई

चित्रं इतकी तपकिरी-पिवळट का दिसतात? पुस्तकातले फोटो खूप उजळ असतात.

गेरू

अनेक कारणं एकावर एक. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने इथे आला आणि लेणी पुन्हा बाहेरच्या जगाला कळली. त्याने १० नंबरमध्ये खांबावर नाव खरवडलंय, आणि ते आज डोक्यापेक्षा वर दिसतं, कारण तेव्हा आत मातीचा ढीग होता. मग रॉबर्ट गिलने १८४४पासून वर्षानुवर्षं मोठ्या प्रतिकृती रंगवल्या. त्यातल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६च्या आगीत गेल्या. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात इथे प्रती काढत होते. रंग खुलून दिसावेत म्हणून भिंतीवर वार्निश लावण्याचे प्रकार त्या काळात झाले. पुढे निजाम सरकारने १९२० साली इटलीहून तज्ज्ञ आणले. सुटणारा गिलावा त्यांनी भिंतीला पक्का केला, हे त्यांचं मोठं काम. पण वर चढवलेला लाखेचा थर काळाने पिवळा-तपकिरी पडला. त्यात वटवाघळांची विष्ठा, धूर, धूळ. पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ हा थर हळूहळू काढत आलेत, म्हणूनच एकाच भिंतीवर उजळ आणि काळपट पट्टे शेजारी-शेजारी दिसतात.

पुस्तकातले फोटो कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवून, जास्त उजेडात काढलेले. त्यांची अपेक्षा मनातून काढून टाका. निळा मात्र अजून टिकलेला बघायला मिळतो. तो लाजवर्द दगडाचा, अफगाणिस्तानच्या खाणीतून आलेला. लाल-पिवळा गेरूचा, काळा काजळीचा, हिरवा इथल्याच हिरव्या मातीचा. १० नंबरमधल्या जुन्या चित्रांत आणि पाचव्या शतकातल्या, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातल्या १, २, १६, १७ मधल्या चित्रांत रंगांचा फरक बघा. लाजवर्द निळा नंतरच्या चित्रांत आहे.

आडवाट_२

वेरूळसाठी एवढंच: पहाटे जा. दार सूर्योदयाच्या सुमारास उघडतं. कैलासात, म्हणजे १६ नंबरमध्ये, पहिला तास गर्दी नसते. लेणी पश्चिमाभिमुख असल्याने सकाळी पूर्ण सावली आणि दुपारनंतर कोवळं-पिवळं ऊन. उन्हात शिल्पाचा उठाव छान दिसतो, पण रविवारी दुपारी माणसांशिवाय काही दिसत नाही. घरच्यांसह सकाळच बरी.

कैलास आधी खालून बघू नका. बाजूने डोंगरावर चढणारी वाट आहे. तिथून कड्याच्या काठावरून आत खाली बघितलं की वरून खाली खणत आणलेलं देऊळ म्हणजे काय ते एका नजरेत कळतं. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. काठाला सगळीकडे कठडा नाही, मुलांचा हात सोडायचा नाही, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडावर जायचंच नाही. मग खाली येऊन प्रदक्षिणा: दक्षिणेकडचा कैलास हलवणारा रावण, हत्तींची रांग, आणि रामायण-महाभारताच्या पट्ट्या. मांडवाच्या छतावर रंगाचे अवशेष आहेत; अजिंठा बघून आलेल्यांना ते लगेच सापडतात. त्यानंतर १० नंबरचं विश्वकर्मा चैत्यगृह आणि ३२ नंबरची इंद्रसभा. इंद्रसभेतही छतावर चित्रं आहेत. ती जैन लेणी मुख्य गटापासून लांब, आजीसाठी गाडी घ्या.

वेरूळच्या गिलाव्यात भांगेचे तंतू मिसळलेले आढळलेत, आणि ते किडींना रोखतात असं अभ्यासकांनी मांडलं आहे. अजिंठ्यात धान्याचं तूस, गवत असले पदार्थ जास्त, त्यामुळे गिलावा किडींनी पोखरला.

काजळरेघ

गिलाव्याचा विषय निघालाच तर घरी परतल्यावरचा उद्योग देते. अजिंठ्याची चित्रं ओल्या चुन्यावर रंगवलेली नाहीत. वाळलेल्या मातीच्या गिलाव्यावर पातळ पांढरा थर आणि त्यावर डिंकासारख्या बंधकात कालवलेला रंग. म्हणूनच ती घरी करून बघता येतात, आणि एकदा केली की मुलं भिंतीकडे वेगळ्या नजरेने बघतात. पुढच्या सहलीआधी केली तर आणखी चांगलं.

२० × २० सेंटिमीटरच्या फरशीसाठी:

तळाला भाजलेल्या मातीची, खडबडीत फरशी किंवा सपाट कौल. चकचकीत टाइल नको, माती धरत नाही. प्लायवूड ओल्या मातीने वाकतं.

माती दोन वाट्या. कुंभाराची किंवा लाल माती, पिठाच्या चाळणीने चाळलेली. काळी कपाशीची माती घेऊ नका. ती ओली असताना फुगते, वाळताना आकसते, हमखास तडकते. बारीक वाळू एक वाटी. भाताचं तूस अर्धी वाटी आणि वाळलेलं गवत बोटाच्या पेराएवढं कापून एक मूठ. सगळं पाण्यात कालवून दोन-तीन दिवस झाकून मुरू द्या, रोज एकदा मळा. भाकरीच्या पिठापेक्षा थोडं सैल हवं.

फरशी तासभर पाण्यात बुडवून ठेवा. कोरडी फरशी गिलाव्यातलं पाणी ओढून घेते आणि थर सुटून येतो. मग एक सेंटिमीटर जाडीचा थर हाताने दाबून लावा, वर काडीने आडव्या-उभ्या रेघा ओढा म्हणजे पुढचा थर पकड घेईल. सावलीत चार-पाच दिवस, पंख्याखाली नाही, उन्हात तर नाहीच.

दुसरा थर दोन-तीन मिलिमीटरचा. चाळलेली माती आणि बारीक वाळू समान, गवत नाही. पहिला थर हलका ओला करून लावा, अर्धवट वाळला की गुळगुळीत वाटीच्या बुडाने घोटा.

पांढऱ्या थरासाठी चुना मुलांच्या हातात देऊ नका, डोळ्याला आणि कातडीला घातक. खडूची पूड चार चमचे, डिंकाचं पाणी दोन चमचे, पाणी घालून ताकाइतकं पातळ. मऊ ब्रशने दोन हात. पहिला आडवा, वाळल्यावर दुसरा उभा.

डिंकाचं पाणी: बाभळीचा डिंक १० ग्रॅम, कोमट पाणी ३० मिलिलिटर, रात्रभर भिजवून मलमलच्या फडक्यातून गाळा. लवंगेच्या तेलाचे एक-दोन थेंब घातले की बुरशी येत नाही. रंग: गेरू, पिवळी माती, काजळी, खडू. रंगाची पूड आणि डिंकाचं पाणी समसमान घेऊन काचेवर चमच्याच्या पाठीने दहा मिनिटं घोटा, मग पाण्याने पातळ करा. काजळी पाण्यावर तरंगते. आधी डिंकाच्या पाण्याच्या दोन थेंबांत मळून घ्यायची. निळ्यासाठी कपड्यांची जुन्या पद्धतीची पूड-नीळ मिळाली तर तीच. बाटलीतली पातळ नीळ थरात पसरते.

काढायचा क्रम तिथल्यासारखाच. आधी गेरूने बाह्यरेषा, मग आतले सपाट रंग, मग गालाच्या आणि हाताच्या कडेला तोच रंग थोडा गडद करून छटा, शेवटी काळपट-तपकिरी रेषेने पुन्हा आकार पक्का. नाकाच्या दांड्यावर आणि खालच्या ओठावर पांढऱ्याचा एक हात. हा उजेडाचा हात अजिंठ्यात जागोजाग आहे, आणि त्यानेच चेहरा अंधारातून पुढे येतो.

रानजाई

वाळल्यावर रंग बोटाला लागतो, आणि एका कोपऱ्यात पापुद्रे निघतात. एकाच फरशीवर दोन्ही कसं?

काजळरेघ

बोटाला लागतो तिथे डिंक कमी, पापुद्रा येतो आणि चकाकतो तिथे जास्त. एकाच फरशीवर दोन्ही होतं तेव्हा रंग नीट घोटलेला नसतो. वाटीच्या तळाशी दाट, वर पातळ राहतो. ब्रश बुडवताना प्रत्येक वेळी ढवळा. आधी टाकाऊ तुकड्यावर ठिपका देऊन वाळू द्या आणि बोटाने घासून बघा. पावडर सुटत असेल तर डिंकाच्या पाण्याचे चार थेंब वाढवा. सुटलेल्या पापुद्र्याखाली पातळ डिंक-पाणी सोडून मेणकागदावरून दाबलं तर बसतो. पांढरा थर ओलसर असताना रंग दिला तरी पापुद्रे येतात, एक दिवस थांबाच.

तिसरी_घंटा

लेण्यात चित्र काढायला मुलांना काय द्यावं? माझी सुचवण: वहीच्या निम्म्या आकाराची कडक पुठ्ठ्याची चित्रवही आणि बारीक शिशाची दाबायची पेन्सिल. टोकयंत्र आणि खोडरबर नको, दोन्हींचा कचरा खाली पडतो. रंग, पाणी, शाई आत नाहीच. अंधारात पूर्ण चित्र जमत नाही, म्हणून एकच गोष्ट ठरवून द्या: फक्त हात, किंवा फक्त मुकुट, किंवा छतावरचं एक कमळ. १७ मधल्या बोटांच्या मुद्रा काढायला सगळ्यात सोप्या आणि सगळ्यात देखण्या.

सह्यवाट

खाण्याचं राहिलं. लेण्यांपाशी खाऊ बाहेर काढायचा नाही, माकडं हातातून ओढून नेतात. कड्यावर आग्या मोहोळं लटकलेली असतात. उग्र अत्तर, धूर आणि मुलांची दगडफेक तिन्ही टाळा. पावसाळ्यात दरीतली वाघोरा नदी वाहते, धबधबा सुरू असतो, दरी हिरवीगार होते, पण ढगाळ दिवशी आत आणखी अंधार. चित्रांसाठी ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी चांगला. डिसेंबरात शाळांच्या सहली असतात, म्हणून सकाळची पहिली बस पकडून थेट १ आणि २. उशीर झाला आणि तिथे रांग दिसली तर थांबू नका, पुढे १६-१७ कडे चला आणि दुपारी जेवणाच्या वेळी परत या. तेव्हा रांग कमी असते.

रानजाई

सोमवारची सुट्टी जोडून तीन दिवस मिळत असतील तर?

सह्यवाट

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. म्हणून शनिवारी फर्दापूरला आरामात पोचा, रविवारी सकाळी अजिंठा, सोमवारी पहाटे वेरूळ. उलटं केलंत तर सोमवारी फाट्यावर बंद दार बघावं लागेल. मंगळवार जोडणार असाल तर वेरूळ सोमवारी आणि अजिंठा मंगळवारी.